दारातील गाडी

बंगळूर शहरातून होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर बोम्मसंद्रा आहे. त्याला गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने. पूर्वी येथे नाचणीची शेते होती, असे जुनी माणसे सांगतात. आता औषधांचे कारखाने, मोठे रुग्णालय, यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या लहानमोठ्या शेड आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या वस्त्या असे त्याचे रूप आहे. माझी थोरली बहीण गेली तीस वर्षे तेथे राहते. माझे भाऊजी मूळचे बेळगावचे. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम शिकले आणि १९९५ साली नशीब काढायला इकडे आले. काही वर्षे दुसऱ्याच्या कारखान्यात काढल्यावर त्यांनी स्वतःची लहानशी शेड घेतली. त्या शेडवरच ताईचा संसार उभा राहिला.

एके काळी ताईकडे जाणे म्हणजे एक दिव्यच असे. सिल्क बोर्डच्या चौकात बस अडकली की तेथेच अर्धा तास जाई. २०१० साली इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचा उंचावरचा रस्ता झाला, तेव्हा आता सुटलो असे सर्वांना वाटले. पण रस्ता वाढला तशा मोटारीही वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि ताईचे घर मला प्रथमच जवळ आले. एकोणीस किलोमीटर, सोळा स्थानके, आणि गाडीला चालक नाही! सुरुवातीला गाड्या थोड्या असल्यामुळे वीस-पंचवीस मिनिटे फलाटावर थांबावे लागे. तरीही खाली खोळंबलेली वाहनांची रांग पाहत वरून जाण्याचा आनंद काही वेगळाच होता.

त्या वर्षीच्या नवरात्रात मी मेट्रोने बोम्मसंद्रयाला निघाले, त्याला कारण ताईचा फोन होता.

"तू चार दिवस ये," ती म्हणाली. "हे बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. जेवायलासुद्धा वेगवेगळ्या वेळी बसतात."

"कशावरून?"

"गाडीवरून."

गाडीवरून घरात अबोला धरला जावा, हे ऐकून मला हसू आले. पण विचार करता लक्षात आले की आमच्या घरात गाडी ही कधीच नुसती वस्तू नव्हती.

माझ्या लहानपणी वाहन विकत घेत नसत, त्यासाठी नंबर लावत. परवान्यांचा काळ होता. किती गाड्या काढायच्या हे कारखान्याने नव्हे, सरकारने ठरवायचे. वडिलांनी स्कूटरसाठी पैसे भरले तेव्हा मी दुसरीत होते. स्कूटर आली तेव्हा मी दहावीत होते. मधल्या आठ वर्षांत त्या न आलेल्या स्कूटरने आमच्या घरी कितीतरी फेऱ्या मारल्या. "स्कूटर आली की देवाला जाऊ", "स्कूटर आली की मामाकडे जाऊ" असे आई म्हणत असे. मोटारीचा तर विचारच नको. रस्त्यावर फियाट आणि ॲम्बॅसडर अशा दोनच मोटारी प्रामुख्याने दिसत, आणि त्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या किंवा सरकारी साहेबांच्या असत. फियाटचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. हा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, याचा माझ्या वडिलांना कारण नसताना अभिमान होता. स्वतः ते त्या गाडीत दोनदाच बसले, दोन्ही वेळा लग्नाच्या वऱ्हाडात.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि हे चित्र बदलू लागले. पगारदार माणसाच्या मनात मोटार शिरली ती तेव्हा. १९९३ साली मोटारींच्या उत्पादनावरचे परवान्याचे बंधन उठले. १९९८ च्या शेवटी पुण्यात घडलेली इंडिका आली. बँका दारात येऊन कर्ज देऊ लागल्या. नंबर लावणे इतिहासजमा झाले आणि त्याच्या जागी हप्ता आला. पूर्वी आपण गाडीची वाट पाहत होतो, आता बँक आपल्या पैशांची वाट पाहते. हप्ता पूर्वी तीन, फार तर पाच वर्षांचा असे. आता सात वर्षांचाही मिळतो. गाडीचा रंग उडेपर्यंत फेडत राहायचे! माझ्या मते हा काही सुखाचा सौदा नव्हे. पण माझे मत विचारतो कोण?

ताईच्या दारात २००९ साली घेतलेली एक लहान पेट्रोलची मोटार उभी आहे. ती कोणत्या कंपनीची, याला महत्त्व नाही. भाऊजींनी ती निवडली त्याचे कारण मात्र सांगण्यासारखे आहे. इतर माणसे शोरूममध्ये जाऊन "ॲव्हरेज किती देते?" असे विचारतात. भाऊजींनी विचारले, "इंजिनाला व्हॉल्व्ह किती?" विक्रेत्या मुलाला ते सांगता येईना. त्याने आतून वडीलधाऱ्या मेकॅनिकला बोलावले. तो म्हणाला, "सोळा." भाऊजींनी तेथल्या तेथे गाडी पसंत केली.

यातले इंगित असे. भाऊजींच्या शेडमध्ये व्हॉल्व्ह गाइड तयार होतात. ही एक बोटाएवढीही नसलेली धातूची नळी असते. इंजिनात हवा आत घेणारी आणि जळालेला धूर बाहेर सोडणारी झडप म्हणजे व्हॉल्व्ह. तिचा दांडा या नळीतून खालीवर सरकतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप त्या मिनिटात दीड हजार वेळा उघडते, म्हणजे सेकंदाला पंचवीस वेळा. दांडा आणि नळी यांच्यामधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची. ती थोडी जास्त झाली की तेल आत झिरपून गाडी निळा धूर ओकू लागते. थोडी कमी झाली की तापलेला दांडा अडकतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला बहुधा सोळा झडपा असतात, म्हणून सोळा नळ्या. भाऊजी त्या घडवून एका मोठ्या पुरवठादाराला देतात, तो दुसऱ्याला देतो, आणि त्या शेवटी कोणत्या गाडीत बसतात हे त्यांना कधीच कळत नाही. त्यामुळे आपल्या गाडीतल्या नळ्या आपल्याच हातच्या आहेत असे ते छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. "असतीलच असं नाही," ते म्हणतात, "पण असू शकतात की!" या 'की'वर त्यांचा पंचवीस वर्षांचा धंदा उभा आहे.

आणि आता त्यांच्या मुलाने, माझ्या भाच्याने, विजेवर चालणारी गाडी घेण्याचे ठरवले होते. विजेच्या गाडीला व्हॉल्व्ह नसतात. एकही नसतो.

मी पोहोचले त्या संध्याकाळी भाच्याने मला गाडीची सर्व माहिती सांगितली. तो इलेक्ट्रॉनिक सिटीत एका संगणक कंपनीत काम करतो. मुलगा गुणी आहे, वडिलांविषयी त्याला आदर आहे. पण बोलताना त्याने इंजिन, चाके, ब्रेक यांपैकी कशाचेही नाव काढले नाही. एका वेळेच्या चार्जिंगमध्ये गाडी किती जाईल, समोरचा पडदा किती इंचांचा आहे, मोबाइलवरून गाडी आधीच थंड कशी करता येते, हे सांगताना त्याचे डोळे चमकत होते. आमच्या पिढीने गाडी यंत्र म्हणून पाहिली. ही पिढी तिला चाकांवरचा मोबाइल समजते. यात वाईट काही नाही, पण भाऊजींना ते कळत नाही आणि कळावे असेही मला वाटत नाही.

"मावशी, बाबांना वाटतं मी मुद्दाम त्यांच्या धंद्याच्या मुळावर उठलोय," तो म्हणाला. "माझ्या एका गाडीनं काय फरक पडतो? २०२४ साली देशात शंभर मोटारी विकल्या गेल्या असतील, तर त्यांत विजेच्या जेमतेम दोन-तीन होत्या."

त्याचे म्हणणे खरे होते. तीनचाकी रिक्षांमध्ये विजेच्या गाड्यांनी निम्म्याहून अधिक बाजार घेतला आहे. मोटारींच्या बाबतीत मात्र अजून पेट्रोलचेच राज्य आहे. त्यातही लोकांचा ओढा आता उंच, रुंद, जीपसारख्या दिसणाऱ्या मोटारींकडे आहे. नव्या मोटारींतल्या निम्म्याहून अधिक त्याच असतात. ज्या लहान गाडीने मध्यमवर्गाला मोटार दाखवली, तिला आता फारसे कोणी विचारत नाही. २००८ साली लाखाची गाडी म्हणून ज्या नॅनोचा जगभर गाजावाजा झाला, तीही दहा वर्षांत बंद पडली. स्वस्त गाडी हवी, असे सगळे म्हणतात; पण स्वस्त म्हणून ओळखली जाणारी गाडी आपल्या दारात उभी असावी, असे कोणालाच वाटत नाही.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, लहान मोटारींवरचा वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आला आणि त्यावरचा अधिभारही गेला. विजेच्या गाड्यांवर तो आधीपासून पाचच टक्के होता. शोरूममध्ये गर्दी उसळली. भाऊजींना तेवढेच निमित्त मिळाले. "पेट्रोलची गाडी स्वस्त झाली आहे. घ्यायची तर ती घे," असा त्यांचा निरोप ताईच्या मार्फत मुलाकडे गेला. मुलाचे उत्तर ताईच्या मार्फत परत आले. ताई बिचारी दोघांची टपालपेटी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ताईने कपाटातून एक वही काढली. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंची वही ती! गेल्या तीन महिन्यांत घरची गाडी रोज किती किलोमीटर चालली, याची तिने नोंद ठेवली होती. सरासरी बावीस निघाली. म्हणजे वर्षाला आठ हजार किलोमीटर. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर, आणि शहरातल्या गर्दीत गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जाते. तेव्हा वर्षाचा खर्च साधारण पंचावन्न हजार. विजेच्या गाडीला शंभर किलोमीटरला पंधरा युनिट धरली आणि युनिटला सात रुपये, तर वर्षाला साडेआठ हजार. वर्षाची बचत सेहेचाळीस-सत्तेचाळीस हजारांची. पण भाच्याने पाहिलेली विजेची गाडी तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा साडेतीन लाखांनी महाग होती.

"म्हणजे जास्तीचे पैसे वसूल व्हायला साडेसात वर्षं," ताई म्हणाली. "जो दिवसाला शंभर किलोमीटर फिरतो त्याला ती दीड-दोन वर्षांतच परवडते. आपण फिरतो कुठं? ऑफिस मेट्रोच्या वाटेवर, बाजार कोपऱ्यावर."

"मग पेट्रोलचीच घ्यावी?" मी विचारले.

"मी तर म्हणते, घ्यावीच कशाला? पण हे म्हणाले की दोघंही मला वेड्यात काढतात." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आपण रोजच्या बावीस किलोमीटरसाठी गाडी घेतच नाही गं. वर्षातून एकदा बेळगावला जातो ना, त्या पाचशे किलोमीटरसाठी घेतो. सगळे एकत्र, सामान डिकीत, वाटेत डबा. त्या एका दिवसासाठी वर्षभर गाडी दारात बांधून ठेवायची."

हे बोलताना तिला तिची जुनी इच्छा आठवली असावी. कारण बोम्मसंद्रयाला विजेची गाडी काही नवी नाही. आज विजेच्या गाडीबद्दल देशभर बोलले जाते, पण भारतातल्या रस्त्यांवर धावलेली 'रेवा' ही छोटी विजेची मोटार याच वसाहतीत तयार होत असे. चेतन मैनी या तरुण अभियंत्याच्या प्रयत्नांतून, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने ती घडवली आणि २००१ साली बंगळूरमध्ये विक्रीस आणली. दोन दारे, पुढे दोन मोठी माणसे आणि मागे जेमतेम दोन मुले बसतील एवढी जागा, पुढच्या आसनांखाली शिशाच्या बॅटऱ्या. अंगावरचे आवरण पत्र्याचे नव्हे, प्लॅस्टिकचे. एकदा पूर्ण चार्ज केली की ऐंशी किलोमीटर जाई. पण किंमत मारुती ८०० पेक्षा जास्त होती आणि तीन-चार वर्षांनी बॅटऱ्यांचा संच बदलावा लागे. जादा पैसे देऊन कमी गाडी कोण घेणार? आपल्याकडे तिला ग्राहक थोडेच मिळाले. लंडनमध्ये मात्र २००३ पासून शहराच्या मध्यभागात मोटार नेण्यासाठी रोज शुल्क भरावे लागू लागले. विजेच्या गाड्यांना ते माफ होते. तेथे ही बोम्मसंद्रयाची गाडी 'जी-विझ' या नावाने गेली आणि हजाराच्या आसपास लोकांनी ती घेतली. तिथेही तिची थट्टा होई, सुरक्षिततेवरून टीका होई. पण ती रस्त्यावर दिसे. २०१० मध्ये महिंद्र कंपनीने रेवाचा मोठा हिस्सा घेतला. २०१३ मध्ये तिची पुढची आवृत्ती, 'ई-टू-ओ', आली. तिच्यात नव्या लिथियमच्या बॅटऱ्या होत्या. तीही फार चालली नाही. आज ज्याला सगळे नवे युग म्हणतात, ते येथे पंचवीस वर्षांपूर्वी येऊन दार वाजवून गेले होते.

ताईच्या शाळेतल्या एका बाईंकडे रेवा होती. पावसात त्या ताईला घरी सोडत. "आवाजच नाही गं तिला," ताई तेव्हा मला पत्रात लिहीत असे. तिला ती गाडी फार हवी होती. शाळा सहा किलोमीटरवर, गाडी स्वतः चालवता आली असती. पण घरात सासूबाई धरून पाच माणसे. "पाच जणांच्या घरात अडीच माणसांची गाडी!" असे भाऊजी म्हणत आणि हसत. "खेळणं आहे ते," असेही म्हणत. रस्त्यात रेवा दिसली की मुलाला मुद्दाम दाखवत, "बघ, खेळणं चाललं." ताईने पुन्हा विषय काढला नाही. ती शाळेत बसनेच जात राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी मला म्हणाले, "चल, शेड बघून ये. तू लिहितेस-बिहितेस, एकदा बघ तरी."

शेड म्हणजे पत्र्याखालची दोन दालने. सहा यंत्रे, बारा कामगार. कोणी रायचूरकडचे, कोणी ओडिशाचे, दोघे बेळगावचे. कूलंटचा तेलकट, आंबूस वास. बिडाच्या कांबींचे तुकडे एका टोकाला येत होते आणि दुसऱ्या टोकाला चकचकीत नळ्या होऊन खोक्यांत पडत होत्या. भाऊजींनी त्यांतली एक उचलून माझ्या तळहातावर ठेवली. ती अजून कोमट होती.

"ही बघ. एका गाडीला सोळा."

मी ती उलटसुलट करून पाहिली. एवढीशी वस्तू; पण ताईचे मंगळसूत्र, भाच्याची फी, सासूबाईंचे औषधपाणी, बेळगावच्या घरावरचे कौल, सगळे या भोकातून गेले होते.

"तुला एक सांगू?" भाऊजी म्हणाले. यंत्रांच्या आवाजात त्यांना मोठ्याने बोलावे लागत होते, तरी ते हळूच बोलत होते असे मला वाटले. "२००३ साल असेल. तिकडं चहाच्या टपरीपाशी ती रेवा उभी होती. मालक ओळखीचा. मी म्हटलं, जरा उघडून दाखव. त्यानं पुढून उघडली, मागून उघडली, सीट उचलून दाखवली. मी पिस्टन शोधतोय, कॅमशाफ्ट शोधतोय. काही नाही. एक मोटर, बॅटऱ्या आणि वायरी. आपलं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं गं. मी घरी आलो आणि तुझ्या ताईला म्हटलं, खेळणं आहे. बावीस वर्षं तेच म्हणतोय."

मी काही बोलले नाही. ताईला बसने पाठवणारे ते हसणे इतकी वर्षे मी वेगळेच समजत होते.

मग त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत तेलकट कापडात गुंडाळलेला एक दंडगोल होता, हातभर नाही पण वीतभर लांबीचा, दोन-तीन ठिकाणी जाडी बदललेला. विजेच्या मोटरच्या मधला फिरणारा शाफ्ट होता तो. तीन महिन्यांपूर्वी एका कंपनीकडून चौकशी आली होती: असे नमुने करून देता येतील का? भाऊजींनी आपल्या जुन्या ग्राइंडिंग यंत्रावर, रात्री कामगार गेल्यावर, स्वतः पाच नमुने केले. पहिले तीन मापात बसले नाहीत, दोन बसले.

"काम मिळालं तर?"

"तर नवं सीएनसी ग्राइंडिंग यंत्र लागेल. या म्हाताऱ्यावर रोज शंभर नग निघायचे नाहीत." त्यांनी जुन्या यंत्राच्या अंगावर थाप मारली. "त्याची किंमत काय, विचार."

"काय?"

"त्याच्या नव्या गाडीएवढी. दोन-पाच हजार इकडंतिकडं."

तेव्हा मला घरातला अबोला कळला. भाच्याने गाडीसाठी साठवलेले पैसे आणि भाऊजींची ठेव मिळून एकच रक्कम होती. त्या रकमेत विजेची गाडी तरी येणार होती, किंवा विजेच्या गाड्यांचे भाग करणारे यंत्र तरी. आणि भाऊजी मुलाजवळ पैसे मागू शकत नव्हते. बावीस वर्षे ज्याला खेळणे म्हटले, त्याच खेळण्याचे काम मिळावे म्हणून आपण रात्री जागतो आहोत, हे मुलाला सांगण्यापेक्षा त्याच्या गाडीवर राग धरणे त्यांना सोपे वाटले असावे.

"त्याला सांगितलंत का?"

"नमुना पास होऊ दे, मग बघू."

मी त्या रात्री भाच्याला सांगितले. सांगू नये, असे भाऊजी म्हणाले नव्हते. तेवढ्याचा मी फायदा घेतला. तो बराच वेळ मोबाइलचा पडदा पुसत बसला. मग एवढेच म्हणाला, "शाफ्टचं ड्रॉइंग बाबांनी मला दाखवलं असतं, तर मी वाचून दिलं असतं. इंग्रजीतल्या बारीक टिपा त्यांना लागत नाहीत."

१ ऑक्टोबरला आयुधपूजा होती. कर्नाटकात हा दिवस पाहण्यासारखा असतो. महाराष्ट्रात आपण दसऱ्याला शस्त्रांची, पाटीपुस्तकांची, वाहनांची पूजा करतो. येथे महानवमीला शहरातली प्रत्येक रिक्षा, प्रत्येक बस, प्रत्येक लेथ हळदीकुंकवाने माखलेली आणि झेंडूने सजलेली दिसते. रस्त्यात कोहळे फोडतात. कुंकू भरलेल्या त्या कोहळ्यांचे तुकडे चुकवत चालावे लागते. शेडमध्ये यंत्रे धुऊनपुसून ठेवली होती. म्हाताऱ्या ग्राइंडिंग यंत्राला सर्वांत मोठा हार होता. बाहेर २००९ ची गाडी उभी होती, केळीचे दोन खुंट पुढे बांधून. चाकांखाली लिंबे ठेवली होती.

भाऊजींनी तबकात नेहमीप्रमाणे सोळा नळ्या मांडल्या. तेवढ्यात भाचा पुढे झाला. खण उघडून त्याने कापडातला शाफ्ट काढला, हातरुमालाने पुसला आणि नळ्यांच्या शेजारी ठेवला. भाऊजींनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी झेंडूची पाने खुडण्यात गुंतल्याचे दाखवले.

"हळद लाव त्याला," भाऊजी मुलाला म्हणाले. आठ दिवसांत ते त्याच्याशी बोललेले हे पहिले वाक्य होते. "जपून. टोकाला नको लावू, तिथं बेअरिंग बसतं."

संध्याकाळी दोघे एकाच वेळी जेवायला बसले. बोलणे फारसे झाले नाही. ड्रॉइंगवरच्या टिपांबद्दल काहीतरी चालले होते, ते मला समजले नाही. ताईने बेळगावहून आलेला कुंदा वाढला.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मला त्या जुन्या गाडीतून मेट्रो स्थानकापर्यंत सोडले. अंतर दीड किलोमीटरही नसेल. कोहळ्याच्या तुकड्यांतून गाडी काढताना ते इंजिनाचा आवाज ऐकत होते. "सोळा वर्षं झाली, धूर नाही बघ," म्हणाले.

दिवाळी झाल्यावर मी ताईला फोन केला. नमुन्याचे काय झाले, असे विचारले. दोन्ही शाफ्ट मापात बसले होते; पण कंपनीने आणखी वीस नमुने मागवले होते आणि भाचा शनिवार-रविवार शेडमध्ये बसून मापांच्या नोंदी संगणकावर भरत होता. काम मिळेल की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नव्हते.

"आणि गाडी?" मी विचारले.

"तीच आहे जुनी," ताई म्हणाली. "परवा सुरू होईना. बॅटरी तेवढी नवी घातली."